लिटरला अकरा

भात कापून झालं की आमच्याकडच्या रस्त्याचा वास बदलतो. शहापूर मागे टाकून किन्हवलीच्या रस्त्याला लागलं की तो नाकात शिरतो. उन्हात वाळणाऱ्या पेंढ्याचा वास, जरासा गोड, जरासा घशात टोचणारा. सकाळी खाचरांवर दव असतं आणि दुपारी तिथंच डोळ्यांना झोंबणारं ऊन. कापलेल्या भाताचे बोटभर उंचीचे खुंट ओळीनं उभे असतात, त्यांच्यातून बगळे फिरत असतात. सरळगावपर्यंत हे असंच. मोटारसायकलवरून जाताना वाटेत कुठंतरी खळ्यात ट्रॅक्टर गोल फिरताना दिसतो, धूळ उठलेली असते, आणि मी वेग कमी करतो. कधी कधी थांबतोसुद्धा. यंदा लागलेली खोड आहे ही.

मी वाशिंदला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, खडूनं खूण करायची आणि माल परत पाठवायचा. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाची नजरच तशी होते. जेवताना डाळीत खडा, बोलताना समोरच्याच्या बोलण्यात खोट. बायको म्हणते, "तुमच्या हातात मापाचं गेज देऊन देवळात पाठवलं तर देवालाही परत पाठवाल." ती थट्टा करते, पण खोटं बोलत नाही. माझ्या नाकावर राग असतो आणि मला माझंच खरं वाटतं. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे पुढचं सांगायला बरं.

गेल्या वर्षीचे हेच दिवस डोक्यातून जात नाहीत. तेव्हा माझी जुनी पेट्रोल गाडी गावी ठेवलेली होती. गाव मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या अलीकडे, डांबरी सोडून आत. गाडी पंधरा वर्षांची, मी तिचा तिसरा मालक. श्रावणात आईच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिला कल्याणला डायलिसिसला न्यावं लागे. मंगळवारी बाबा नेत, शनिवारी मी. शुक्रवारी पाळी संपली की मी मोटारसायकलवर बसून गावी यायचो आणि रविवारी सकाळी परत निघायचो. बाबांनी तरुणपणी दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर कितीतरी हंगाम काढलेले. सत्तरीला टेकले होते, पण स्टिअरिंगवर त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डायलिसिससाठी हातात जोडलेली नस जपा, खोकला होऊ देऊ नका, धुळीपासून लांब ठेवा. मी ते घरी नेऊन दुप्पट करून सांगितलं. चुलीपुढं बसायचं नाही, गोठ्यात जायचं नाही, आणि खळ्यात तर पायही ठेवायचा नाही. शेतीच बंद करा असं माझं म्हणणं होतं, पण बाबांनी आधीच दोन खाचरं लावून टाकली होती. "लग्न झाल्यापासून दरसाल मळणी केलीस," मी आईला म्हणालो, "आता एक वरीस नाय केलीस तर भात काय रुसत नाय तुझ्यावर."

आई हसली नाही. "भात नाय रे रुसत, मोहना," म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवून पडली. पडायची म्हणजे नुसती पडायची. या दुखण्यात झोप जाते. पाय सळसळतात, अंगाला खाज सुटते, डोळा लागतो न लागतो तोच जाग येते. दिवसा नाही, रात्री नाही. डोळ्यांखालची कातडी काळी पडली होती आणि बोलताना मधेच ती कुठंतरी बघत राहायची. तिला झोप लागावी म्हणून मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्यांनी गोळी बदलून दिली, फरक पडला नाही.

आणि याच बाईनं एके काळी आमचं खळं चालवलं होतं. मळणीच्या आधी चार दिवस ती खळं चोपायची, सारवायची. ओल्या शेणाचा तो वास सुकत सुकत मातीचा होऊन जायचा. मधोमध खांब रोवलेला, त्याला दावणीनं बैल बांधलेले, पायाखाली भाताचे भारे सोडलेले. बाबा बैलांना हाकायचे आणि आई पाटी घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायची, बैलानं शेण टाकलं तर ते भातावर पडण्याआधी पाटीत झेलायला. एकदाही तिची पाटी चुकल्याचं मला आठवत नाही. मधेच वाकून ती चार दाणे उचलायची, एक दाताखाली धरायची. कट्ट वाजलं तर भात वाळलं. नाही वाजलं तर म्हणायची, "अजून एक ऊन खाऊ दे." बाबांनी तिच्या दाताच्या शब्दाबाहेर कधी भात कणगीत भरलं नाही.

बैल जाऊन बरीच वर्षं झाली. खांब काढला, त्याचा खड्डा बुजला. खळं मात्र राहिलं, घराच्या उजव्या अंगाला, आंब्याखाली. माझी गाडी त्याच आंब्याखाली उभी असायची.

गाडीचं ॲव्हरेज मी मोजतो. दर शनिवारी मुरबाडच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुढच्या शनिवारी परत भरायची आणि भागाकार करायचा. दिवाळीपर्यंत गाडी लिटरला सतरा देत होती. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी चौदा आले. म्हटलं, टाकी नीट भरली नसेल. पुढच्या शनिवारी साडेबारा. मी पंप बदलला. दुसऱ्या पंपाचं पेट्रोल भरून आठवडा गेला आणि भागाकार आला अकरा. आणि तेवढ्यावर भागत नव्हतं, गाडीचा पिकअपच गेला होता. पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढं सरकायला राजी नसायची. मागच्या सीटवर आई उशीला टेकून बसलेली असायची आणि मी आरशातून तिच्याकडे बघत मनात म्हणायचो, ही वाटेत बंद पडली तर मी काय करणार आहे? भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, हिला घेऊन?

मग मी शोधाला लागलो. चाकांतली हवा बघितली, बरोबर होती. ब्रेक धरून ठेवतोय का ते बघायला चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली, मोकळी फिरली. पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला पेंढ्याच्या काड्या गुंडाळून बसल्या होत्या. त्या मी ओढून काढल्या आणि फेकून दिल्या. भाताच्या दिवसांत आमच्याकडे माणसाच्या केसांतसुद्धा पेंढा सापडतो, गाडीत सापडला तर नवल काय.

मुरबाडात गुरुनाथ मिस्त्री आहे. वडाखाली पत्र्याची शेड, समोर ऑइलनं काळी पडलेली जमीन. माणूस कमी बोलतो आणि बोलताना समोरच्याकडे न बघता इंजिनाकडे बघतो. त्यानं प्लग काढले, काजळी धरलेली. एअर फिल्टर काढला आणि शेडच्या खांबावर आपटला. एवढा भुसा उडाला की दोघंही खोकलो.

"गाडी खळ्यात व्हती का?" त्यानं विचारलं.

"खळ्याच्या कडंला उभी असते. आंब्याखाली."

"उभ्या गाडीचा फिल्टर असा नाय भरत, भाऊ. चालत्या गाडीचा भरतो."

"रस्त्यावर काय कमी धूळ आहे का?" मी म्हणालो. "जिथं तिथं मळण्या चालल्यात." त्यानं नवा फिल्टर घातला, प्लग साफ केले. मी खूश होऊन घरी आलो. दोष सापडला होता.

पुढच्या शनिवारी परत अकरा. रविवारी सकाळी मी गाडी घेऊन तडक गुरुनाथकडे गेलो. फिल्टर काढला तर तो पहिल्यासारखाच भरलेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "जुनाच झटकून घातलास ना?" मी चार लोकांत म्हणालो. "एका आठवड्यात नवा फिल्टर असा होतो होय? मला शिकवू नकोस. माझं कामच ते आहे."

गुरुनाथनं पाना खाली ठेवला. शेडमध्ये गेला, माझ्या गाडीतून काढलेला जुना फिल्टर कोपऱ्यात पडला होता तो आणला आणि माझ्या हातात ठेवला. मग स्वतः गाडीत बसला, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. चांगला क्लच असेल तर गाडी तिथंच धक्का खाऊन बंद पडते. ती बंद पडेना. फुरफुरत राहिली आणि जळका वास आला.

"क्लचप्लेट चाललीय," तो म्हणाला. "गाडी पयल्या गिअरात लई फिरते. कोन चालवतो?"

"मी, आणि मंगळवारी बाबा."

"मंग बाबांना इचार," तो म्हणाला, आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. त्याची माफी मी आजवर मागितलेली नाही.

बाबांना विचारण्याआधीच मी उत्तर ठरवलं होतं. म्हातारा माणूस, जन्म गेला ट्रॅक्टरवर, गाडीही ट्रॅक्टरसारखीच हाकत असणार. पहिल्या गिअरात उठायचं आणि पहिल्यातच पुढं जात राहायचं. त्याला पुरावाही होता माझ्याकडे. दर शुक्रवारी मी आलो की गाडीचा एसी पूर्ण फिरवलेला सापडायचा आणि बाहेरची हवा आत येऊ न देणारं बटण दाबलेलं. ज्या माणसानं वैशाखातही घरातला पंखा "वारा बाधतो" म्हणून बंद केला, तो एसी कशाला लावेल? बटणं कळत नाहीत, हात लागत असेल, असं मी धरून चाललो. एका रविवारी निघताना मी एसीच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली. पुढच्या शुक्रवारी ती पट्टी नीट सोडवून, सुरकुती न पाडता परत तशीच लावलेली दिसली. एवढ्या निगुतीनं चुकून कुणी करत नाही. हे मला दिसलं, आणि तरी मी विचार न करता रागावलो फक्त.

त्या शुक्रवारी बाबा अंगणात पाय धूत होते. मी घरी आलेल्या मुलासारखा नाही, तपासणीला आलेल्या साहेबासारखा बोललो. "गाडी म्हंजे ट्रॅक्टर नाय, बाबा. क्लच जाळून ठेवलात. एसी लावून पहिल्या गिअरात फिरवता, पेट्रोल काय विहिरीतनं येतं का? आईला घेऊन जाता तुमी, वाटेत बंद पडली म्हंजे?"

"बरं," बाबा म्हणाले. एवढंच. पाय पुसले, पंचा खांद्यावर टाकला.

आतून कॉटवरनं आईचा आवाज आला. "त्यांना नको बोलू रे. माझ्यापायी झिजते गाडी."

मला वाटलं, ती कल्याणच्या फेऱ्यांबद्दल बोलते आहे. आजारी माणसं असं म्हणतात, आपण ओझं झालो म्हणून. "तसं काय नाय, आये," मी म्हणालो, आणि स्वतःला मोठा समजूतदार वाटलो. खळ्याच्या कडेला भाऱ्यांची रचून ठेवलेली रास, आमच्याकडे तिला उडवी म्हणतात, ती अर्धीअधिक शिल्लक होती. बाबा म्हणायचे, थोडं थोडं झोडतो. दोन खाचरांचं भात, महिना होत आला तरी उरकत नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याला सांगतो म्हटलं तर दोघंही एकदम नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, रायत्याचा पूल ओलांडून चढ लागला तिथं पुढं वाळूचा ट्रक होता. मी बाजूनं काढायला गेलो आणि गाडीनं दगा दिला. ट्रकच्या बरोबरीला येऊन ती तिथंच लटकली, ना पुढं ना मागं, इंजिन ठो ठो ओरडतंय आणि समोरून एसटी. एसटीवाल्यानं गाडी कडेच्या मातीत उतरवली म्हणून वाचलो. बाजूला घेऊन थांबलो आणि इंजिन बंद केलं. मागं वळून बघितलं तर आई शांत होती. "पाणी पी," मला म्हणाली.

मी तिथंच ठरवलं. डायलिसिस झालं की तिला गावी न्यायचंच नाही. कल्याणवरून हायवेनं सरळ वाशिंदला, माझ्या घरी. लिफ्ट आहे, कल्याण जवळ आहे, धूळ नाही. बाबांना फोन करून सांगितलं. आईला गाडीत बसवताना सांगितलं.

"आजच?" ती म्हणाली. "मंगळवारपर्यंत तरी राहू दे."

"मंगळवारी काय आहे?"

"काय नाय. तेवढं भात होऊ दे."

"भाताचं बाबा बघतील. या गाडीत तुला परत त्या रस्त्यानं नेणार नाय मी."

तिनं हट्ट केला नाही. तिला हट्ट करताच यायचा नाही. नेसत्या लुगड्यानिशी ती वाशिंदला आली, तिच्या पिशवीत एक टॉवेल, गोळ्या आणि बिस्किटांचा पुडा होता. बाकीचं सामान बाबांनी नंतर कुणाबरोबर तरी पाठवलं.

गाडी इकडच्याच मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतली. क्लचप्लेट, फिल्टर, प्लग, सगळं नवं. आणि काय सांगू, पहिल्याच भरण्याला सतरा आले. दुसऱ्याला साडेसतरा. मी बाबांना मुद्दाम फोन केला. "बघा, सतरा. गाडीत दोष नव्हता, चालवण्यात होता."

"बरं झालं," ते म्हणाले. मग विचारलं, "ती झोपते का?"

"कुठं झोपते," मी म्हणालो.

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कारखान्यांचे पत्रे दिसायचे आणि त्यांच्यामागं माहुलीचा डोंगर. आई तिथं खुर्चीत बसून राहायची. तक्रार नाही. सून गरम पेज द्यायची, ती निम्मी खायची. एकदा कल्याणहून परत येताना आमच्या इमारतीच्या फाटकाशी मी गाडी वळवत होतो तेव्हा ती म्हणाली, "मोहना, अजून एक फेरा मारतोस का?"

"कुठं जायचंय?"

"कुठं नाय. अशीच. सावकाश."

"अगं आये, जागा गेली म्हणजे गाडी लावायला मिळत नाय मग," मी म्हणालो, आणि आत घेतली. दमले होते माझे हात. खरंच दमले होते, पण अर्धा तास काय मोठा होता.

माघात, एका पहाटे, तिला श्वास पुरेना. दवाखान्यात दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी ती गेली, आम्ही तिला गावी नेली, आणि त्या वेळी गाडी अशी चालली, अशी चालली की विचारू नका. एकाही चढावर ती अडली नाही. मला ती गाडी तेव्हा फोडून टाकावीशी वाटली.

हे सगळं मी वर्षभर मनात घेऊन होतो, पण एक समाधान धरून. की मी जे केलं ते तिच्या जिवासाठी केलं. रायत्याच्या चढावर जे झालं ते खरं होतं. गाडी धोक्याची होती, मी आईला धोक्यातून काढलं. माझ्या कामात असंच असतं, दोष दिसला की माल थांबवायचा. या समाधानाच्या आधारानं मी झोपत होतो.

यंदा बाबांनी परत तीच दोन खाचरं लावली. मी काही बोललो नाही. दोन आठवड्यांमागं चार दिवसांची रजा काढून गावी गेलो, गाडी घेऊन. गाडी आता विकायची ठरली आहे, म्हणून ती आंब्याखाली लावून आतून साफ करायला घेतली. मागच्या सीटवर आईच्या उशीचा डाग होता तो घासला. मग पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट मागं सरकवली. तिच्याखालच्या लोखंडी पट्टीच्या खाचेत तांदूळ होते. भात नव्हे, तांदूळ. मूठभर असतील, काही आख्खे, काही तुकडे, आणि त्यांच्याबरोबर नखानं सोललेली टरफलं. मी एकेक उचलून तळहातावर घेतले. काही दाण्यांवर दाताची खूण होती.

आई माझ्याबरोबर कधी पुढं बसली नाही. पाय लांब करता यावेत म्हणून मी तिला मागंच बसवायचो.

मी तो हात तसाच पुढं धरून खळ्यात गेलो. बाबा पेंढा गोळा करत होते. त्यांनी माझ्या हातात बघितलं आणि पेंढ्याची पेंढी खाली ठेवली. आधी खळ्याच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "तिला खळ्यात यायचं व्हतं."

त्यांनी सांगितलं ते असं. दिवाळी झाल्यावर एका बुधवारी ती कॉटवरून उठून दारापर्यंत आली आणि चौकट धरून उडवीकडे बघत उभी राहिली. धूळ चालत नाही, हे दोघांनाही माहीत. मी सांगितलेलं. मग बाबांनाच सुचलं. गाडी खळ्यात घेतली, चार भारे सोडून पसरले, तिला पुढच्या सीटवर बसवलं, काचा वर, एसी लावलेला, बाहेरची हवा बंद. आणि पहिल्या गिअरात गाडी भातावरून गोल फिरवली, बैल फिरायचे तशी. "तुझ्या डॉक्टरचं आमी ऐकलं," बाबा म्हणाले. "धुळीचा कण आत नाय आला." आई काचेतून बोट दाखवायची, कडंचं राहिलं, आत घ्या. ते उतरून पेंढा उलटा करायचे, परत बसायचे. चार कणसं तिच्या मांडीवर आणून द्यायचे. ती सोलायची, दाताखाली धरायची.

मला बसवेना. मी उभाच राहिलो. ज्या गोष्टीचा दोष मी महिनाभर शोधत होतो, ती गोष्ट ही होती. पेंढा चाकांत होता, भुसा फिल्टरात होता, बटण दाबलेलं होतं, गुरुनाथनं तर तोंडावर सांगितलं होतं. सगळं माझ्या हातात येऊन गेलं होतं आणि मी ते झटकून टाकलं होतं.

"मला का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

केलंच असतं. पेंढ्यावर तापलेला सायलेन्सर, आग लागली असती, आईला घेऊन जळला असतात, हे सगळं मी बोललो असतो, आणि ते खरंही होतं. आताही ते माझ्या तोंडात आलं होतं. ते गिळलं, तर दुसरंच बाहेर पडलं. वीस वर्षांची सवय. बोलताना मला माझीच लाज वाटली.

"पण बाबा, दोन खाचरांच्या भाताला एवढं पेट्रोल नाय जात. सतराचे अकरा नाय होत त्यानं."

"भाताला नाय गेलं ते," बाबा म्हणाले.

त्यांनी पेंढ्यातली एक काडी उचलून बोटाला गुंडाळली.

"पयल्याच दिशी पाच-सहा फेरं झालं आनि बघतो तर तिची मान कलंडलेली. मला वाटलं काय झालं! हात लावून बघितलं तर झोपली व्हती. श्रावणापासनं तिला तशी झोपलेली बघितली नवती मी. गाडी थांबवली तर लगीच डोळं उघडलं. मग परत चालू केली. परत झोपली. थांबवली की जागी, चालली की झोपायची. मग नाय थांबवली. भात कवाच निघालं व्हतं, पेंढ्याचा निस्ता भुगा झाला व्हता, एका कणसात दाना नवता. तरी फिरवत राह्यलो. दिसाला चारच भारे सोडायचो. उडवी संपली असती तर तिला गाडीत काय सांगून बसवली असती?"

"किती वेळ फिरवायचात?"

"ऊन उतरंस्तवर."

"रोज?"

"मंगळवारी कल्याणवरनं आल्यावर पन," बाबा म्हणाले. "तू यायचास तेवढं दिस सोडून."